अपिलानंतरचा खर्च कोणी सोसावा? : दिवाणी प्रक्रिया संहितेतील तरतुदींची चिकित्सा (विशेष संदर्भ : भिवंडी)

प्रस्तावना :
यंत्रमाग, सूतव्यापार आणि गोदामे यांमुळे भिवंडी तालुक्यात व्यवहार जितके वाढले तितके वादही वाढले. गाळ्याचे भाडे, सुताची थकबाकी आणि गोदामांमुळे मोल वाढलेल्या वडिलोपार्जित जमिनीची वाटणी हे त्यांतील नेहमीचे विषय होत. अशा वादात पहिले अपील जिल्हा न्यायालयात आणि कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असल्यास दुसरे उच्च न्यायालयात जाते. वाद जिंकणाऱ्यास त्याचा खर्च परत मिळतो काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

तत्त्व आणि व्यवहार :
दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या कलम ३५ नुसार खर्च हा न्यायालयाच्या विवेकाधीन विषय असला, तरी खर्च निकालामागे जातो हे तत्त्व त्यात गृहीत आहे. त्याविरुद्ध आदेश देताना लेखी कारणे नमूद करावी लागतात. आदेश ४१, नियम ३५ प्रमाणे अपिलाच्या हुकूमनाम्यात अपिलाचा खर्च आणि तो व मूळ दाव्याचा खर्च कोणी, कोणत्या प्रमाणात द्यावा, हेही लिहावे लागते. प्रत्यक्षात मात्र ‘उभय पक्षांनी आपापला खर्च सोसावा’ हे वाक्य पुष्कळदा कारणाविना येते. यशस्वी पक्षाचे पदरमोड करून झालेले नुकसान त्या एका वाक्याने कायम होते.

खोट्या वा त्रासदायक दाव्यांसाठी असलेले कलम ३५अ येथे उपयोगी पडत नाही. त्यातील भरपाईची मर्यादा ३,००० रुपये असून अपील व पुनरीक्षण त्यातून स्पष्टपणे वगळले आहे. म्हणजे निराधार दावा करणाऱ्यास अल्प का होईना भुर्दंड आहे. निराधार अपील करणाऱ्यास या कलमाखाली तोही नाही.

न्यायालयीन भूमिका :
सालेम अ‍ॅडव्होकेट बार असोसिएशन (२००५) या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने खर्च प्रत्यक्ष व वाजवी असावा असे सांगितले. परंतु संजीवकुमार जैन (२०११) प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने अपिलात बसवलेला ४५,२८,००० रुपयांचा खर्च त्याच न्यायालयाने टिकू दिला नाही. प्रत्यक्ष खर्च देववायचा तर नियमांत तशी तरतूद हवी, असा त्यामागील आशय होता. हा निर्णय कायद्याच्या दृष्टीने योग्य असला, तरी त्यातून न्यायाधीशांच्या हेतूपेक्षा जुन्या दरपत्रकांचेच बळ अधिक असल्याचे दिसते. विधी आयोगाने २०१२ च्या २४० व्या अहवालात हाच प्रश्न हाताळला.

दुहेरी व्यवस्था :
वाणिज्यिक न्यायालये अधिनियम, २०१५ ने वाणिज्यिक वादांसाठी कलम ३५ बदलले. हरणाऱ्याने खर्च द्यावा हा तेथे सर्वसाधारण नियम असून पक्षकारांचे वर्तन, अंशतः मिळालेले यश आणि तडजोडीचा वाजवी प्रस्ताव नाकारणे यांचा विचार होतो. २०१८ पासून अशा वादाची किमान मूल्यमर्यादा ३ लाख रुपये आहे. उदाहरणादाखल, भिवंडीतील सूतव्यापाऱ्याच्या ४ लाखांच्या थकबाकीच्या वादास ही व्यवस्था लागू होईल. त्याच व्यापाऱ्याच्या बहिणीने वडिलोपार्जित जमिनीतील हिश्श्यासाठी लढवलेल्या अपिलास मात्र जुनेच कलम लागेल. न्यायासाठी होणारी पदरमोड दोघांची सारखीच असताना हा भेद समर्थनीय ठरत नाही.

आक्षेपाचा विचार :
जबर खर्चाच्या धास्तीने गरीब पक्षकार अपिलाचा हक्कच सोडून देईल, हा आक्षेप गंभीर आहे. मजुरीवर माग चालवणाऱ्यास लाखाचा आदेश म्हणजे दिवाळखोरी होय. परंतु त्यावर उपाय खर्च न देववणे हा नव्हे. वाजवीपणा, पक्षकाराची ऐपत आणि अपिलामागील प्रामाणिकपणा यांवर रक्कम ठरवता येते. उलट नाममात्र रकमेचा लाभ वेळकाढूपणा परवडणाऱ्या सधन पक्षासच अधिक मिळतो. फौजदारी बाजूसही रकमा अशाच लहान दिसतात : एप्रिल २०२२ मध्ये राहुल गांधी यांच्याविरुद्धच्या बदनामीच्या खटल्यात भिवंडीच्या न्यायदंडाधिकाऱ्यांनी तहकुबी मागणाऱ्या तक्रारदारावर १,००० रुपये खर्च बसवला. आदेशाची बातमी झाली; रकमेचा धाक किती, हा प्रश्न उरतोच.

निष्कर्ष :
अपिलाच्या निकालापूर्वी उभय पक्षांकडून खर्चाचे विवरणपत्र घेणे, खर्च नाकारताना कारणे देण्याचे बंधन काटेकोर पाळणे, वकील-शुल्काची दरपत्रके ठरावीक काळाने सुधारणे आणि २०१५ चे निकष सर्व दिवाणी अपिलांना लागू करणे आवश्यक आहे. यांपैकी पहिल्या दोन गोष्टींसाठी नव्या कायद्याची गरज नाही. निकाल जिंकूनही पक्षकार खर्चात बुडत असेल, तर हुकूमनाम्यातील न्याय अपुराच राहतो.