'कीड' कोणाची? : कीड-व्यवस्थापनाच्या परिभाषेची चिकित्सा (सानगडी परिसराच्या संदर्भात)

कीटक ही प्राणिशास्त्राची संज्ञा आहे. कीड हा माणसाने आपल्या हिशेबाने दिलेला निवाडा आहे. आपल्या पाठ्यपुस्तकांत हे दोन शब्द इतक्या सहजपणे एकमेकांच्या जागी येतात की, त्यांतील भेद विद्यार्थ्यांच्या लक्षातही येत नाही. हा निवाडा नेमका कोणाचा, हे सानगडी (ता. साकोली, जि. भंडारा) परिसराच्या संदर्भात तपासण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

स्टर्न, स्मिथ, व्हॅन डेन बॉश व हेगन या कॅलिफोर्नियातील कीटकशास्त्रज्ञांनी 1959 साली एकात्मिक नियंत्रणाची संकल्पना मांडली. शेतात कीड दिसली म्हणून फवारणी करावयाची नाही. होणारे नुकसान नियंत्रणाच्या खर्चाला ओलांडू लागेल तेव्हाच उपाय योजावयाचा, हा तिचा गाभा. अंदाधुंद फवारणीला तिने घातलेला आवर मोलाचा आहे, याविषयी दुमत नसावे. मात्र या सूत्रात एक पीक आणि एक मालक गृहीत धरलेला आहे. धानाच्या बांधीत किंवा संत्र्याच्या बागेत हे गृहीतक चालून जाते. जंगलात ते चालत नाही.

भंडारा जिल्ह्यात ढिवर समाजातील कुटुंबे ऐनाच्या झाडांवर कोशाच्या, म्हणजे टसरच्या अळ्या पाळत आली आहेत. ही अळी ऐनाची पाने अधाशीपणे खाते. एका झाडाचा पाला संपला की पालक तिला दुसऱ्या झाडावर नेतो. लाकडाचे घनमीटर मोजणाऱ्याच्या लेखी हा पर्णभक्षक कीटक, तर पालकाच्या लेखी हेच पीक. कँथेकोना नावाच्या ढेकणाची गोष्ट याहून बोलकी आहे. हा ढेकूण अळ्यांच्या शरीरात सोंड खुपसून त्यांतील द्रव शोषतो. म्हणून शेतीच्या पुस्तकात तो मित्रकीटक ठरतो आणि टसरच्या पुस्तकात शत्रू. (दोन्ही पुस्तके आपल्याच ग्रंथालयांत शेजारी-शेजारी असतात!)

'जैविक' या विशेषणाबद्दलही आपण थोडे सावध असावयास हवे. सागाची पाने खाणाऱ्या अळीवर बॅसिलस थुरिंजिएन्सिस हा जिवाणू सुचविला जातो व तो निरुपद्रवी म्हणून शिकविला जातो. मनुष्याच्या बाबतीत ते खरे आहे. परंतु 1901 मध्ये जपानमध्ये इशिवाता यांना हा जिवाणू प्रथम आढळला तो रेशमाच्या अळ्यांना मारणाऱ्या रोगाचे कारण म्हणून. ऐन आणि साग शेजारी उभे असलेल्या वनखंडात त्याची फवारणी कोशाच्या अळीला वगळून होईल, असे मानण्यास आधार नाही. त्या मानाने केवळ सागाच्या अळीलाच बाधणारा विषाणू, ज्यावर केरळ वनसंशोधन संस्थेत काम झाले, अधिक विवेकी वाटतो.

नुकसानाची व्याख्याही तितकी सरळ नाही. के. एस. एस. नायर व सहकाऱ्यांनी निलंबूर येथील सागाच्या तरुण रोपवनांत केलेला अभ्यास 1985 मध्ये प्रसिद्ध झाला. पूर्ण पान खाणाऱ्या अळीमुळे लाकडाच्या संभाव्य वाढीत सुमारे 44 टक्के घट आढळली. पानाची जाळी करणाऱ्या अळीचा मात्र वाढीवर लक्षणीय परिणाम दिसला नाही. जाळी झालेले तपकिरी रान पाहणाऱ्याला अधिक भीषण वाटते, एवढेच. डोळ्यांना दिसणारी हानी व प्रत्यक्ष हानी यांतील हे अंतर मोजून दाखविणे, हे या अभ्यासाचे मोठे श्रेय होय. तरीही त्यात मोजले गेले ते लाकूडच. सागासाठी ठरलेली नुकसान पातळी ऐनाच्या रानाला लावण्यापूर्वी कोसापालकाचे उत्पन्न कोणत्या रकान्यात मांडावे, हे त्या सूत्रात सांगितलेले नाही.