न फोडलेले वेष्टन : विज्ञानपटांची खेळणी, संग्राहक आणि पाठचिकित्सा

चित्रपटावरून तयार झालेल्या खेळण्यांचा विचार साहित्यसमीक्षेत झालाच, तर तो व्यापारी उपउत्पादन म्हणून होतो. मूळ कृती आधी, तिच्यावर बेतलेली वस्तू नंतर, आणि त्या वस्तूंचा संग्रह म्हणजे गतकाळाविषयीची हळवी ओढ, अशी ही उतरंड आहे. ‘स्टार वॉर्स’ (१९७७) या चित्रपटावर आधारित, अमेरिकेतील सिनसिनाटी येथील केनर या कंपनीने १९७८ ते १९८५ या काळात बाजारात आणलेल्या पावणेचार इंची ‘ॲक्शन फिगर’चा इतिहास पाहिला, तर ही उतरंड फारशी टिकत नाही. या बाहुल्यांचे प्रौढ संग्राहक जे काम करतात, ते पाठचिकित्सेच्या अगदी जवळचे आहे. ते तिच्यापासून जेथे दूर जाते, तेथे वाचनाविषयीचाच एक मूलभूत प्रश्न उभा राहतो.

प्रथम पौर्वापर्याचा मुद्दा. चित्रपट मे १९७७ मध्ये प्रदर्शित झाला. पण नाताळपर्यंत बाहुल्या तयार होणे अशक्य होते. म्हणून केनरने पुठ्ठ्याचे एक मोठे पाकीट विकले. त्यात बाहुल्या नव्हत्या; पुढे टपालाने चार बाहुल्या मिळतील असे प्रमाणपत्र आणि त्या मांडण्यासाठी पुठ्ठ्याचा देखावा होता. बाहुल्या १९७८ मध्ये घरोघर पोचल्या. बोबा फेट या पात्राच्या बाबतीत क्रम याहून उलटा झाला. १९७८ मधील दूरचित्रवाणीवरच्या एका विशेष कार्यक्रमातील छोटा ॲनिमेशनपट सोडला, तर कथेत त्याला अद्याप स्थान नव्हते; ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’ १९८० मध्ये यायचा होता. तरीही १९७९ मध्ये त्याची बाहुली देऊ करण्यात आली. जेरार जनेत यांनी १९८७ मध्ये विस्ताराने मांडलेली ‘पॅराटेक्स्ट’ची संकल्पना, म्हणजे संहितेच्या उंबरठ्यावर उभे राहून तिचे वाचन घडवणारा मजकूर, येथे उपयोगी पडते, मात्र तिला एक जोड द्यावी लागते. येथे घर बांधले जाण्यापूर्वीच उंबरठा मुलांच्या हाती आला होता.

आता संग्राहकाच्या पद्धतीकडे पाहता येईल. बाहुली ज्या पुठ्ठ्यावर पारदर्शक आवरणात बसवलेली असते, त्याच्या मागील बाजूस त्या वेळी उपलब्ध असलेल्या बाहुल्यांची चित्रे छापलेली असतात. ती १२ आहेत की २० की २१, यावरून संग्राहक प्रतीचा काळ ठरवतो. हस्तलिखिताच्या पुष्पिकेवरून लेखनकाल ठरवणाऱ्या अभ्यासकाची ही रीत आहे. जावा या बुटक्या पात्राची बाहुली आरंभी प्लॅस्टिकच्या झग्यात आली. ती स्वस्त वाटते म्हणून लवकरच कापडी झगा देण्यात आला. त्यामुळे पहिला पाठ दुर्मिळ झाला आणि बनावट झगे निघू लागले. ओबी-वान केनोबीच्या बाहुलीचा झगा कापून जावाला चढवण्याचा प्रकार तर संग्राहकांच्या चांगल्याच परिचयाचा आहे. प्लॅस्टिकचा पोत, कडेचा काप, भुजांसाठीची छिद्रे तपासून ते प्रक्षेप ओळखतात. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हापासून मराठी परंपरेला पाठभेद आणि प्रक्षेप या प्रश्नांची जाण आहे. विषयांच्या प्रतिष्ठेत जमीन-अस्मानाचे अंतर असले, तरी दृष्टीची शिस्त एकच आहे.

उद्दिष्ट मात्र एक नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत पाठभेद तळटीपांत नोंदवले गेले. ध्येय होते त्यांच्या पलीकडील, उपलब्ध प्रतींतून पोचता येईल तितक्या प्राचीन पाठाचे. संग्राहकाला पाठभेदाच्या पलीकडे जायचेच नसते. त्याच्या लेखी भेद हेच मूल्य असते. स्नॅगलटूथ या पात्राचे उदाहरण बोलके आहे. मद्यगृहाच्या प्रसंगात क्षणभर दिसणाऱ्या या जीवाचे कमरेपर्यंतचेच छायाचित्र केनरच्या कारागिरांना मिळाले होते. त्यांनी तो उंच आणि निळ्या पोशाखातला केला. प्रत्यक्षात तो बुटका आणि लाल पोशाखातला होता. चूक पुढे सुधारली गेली. पण १९७८ मध्ये सिअर्स या दुकानसाखळीने विकलेल्या संचातून निळा पाठ आधीच बाहेर पडला होता. पुढील लेखनात या निळ्या आकृतीला स्वतंत्र व्यक्ती म्हणून जागा देण्यात आली. त्याच मद्यगृहातील, खेळण्याच्या वेष्टनावर ‘हॅमरहेड’ एवढेच नाव असलेल्या जीवाला १९९५ च्या ‘टेल्स फ्रॉम द मॉस आयझली कॅन्टिना’ या कथासंग्रहात मोमॉ नेडन या नावाने पूर्वचरित्र मिळाले. लेखनिकाच्या प्रमादातून उपाख्यान जन्मावे, तसेच हे घडले आहे.

येथपर्यंत संग्राहक हा साहित्याभ्यासकाचा सहप्रवासी आहे. वाट फुटते ती मूल्यमापनापाशी. बोबा फेटच्या पाठीवरील उडणारे रॉकेट जाहिरातीत होते. मुलांच्या सुरक्षिततेच्या कारणास्तव ते घट्ट बसवूनच बाहुल्या पाठवण्यात आल्या. रॉकेट उडवणारे मोजके नमुने विक्रीस आलेच नाहीत. त्यांतील हाताने रंगवलेल्या एका नमुन्यास २०२४ मध्ये लिलावात ५ लाख २५ हजार डॉलर किंमत आली. ज्याच्याशी एकही मूल खेळले नाही, ते खेळणे सर्वांत मोलाचे ठरले. वेष्टनासह टिकलेल्या बाहुल्यांना गुणांक देऊन कठीण पारदर्शक पेट्यांत सीलबंद करणारा व्यवसायही याच न्यायाने चालतो. ग्रंथसंग्रहावरील १९३१ च्या निबंधात वाल्टर बेन्यामिन यांनी पुस्तके न वाचणे हाच संग्राहकाचा स्वभाव असल्याचे मिश्किलपणे सुचवले होते. पण त्यांच्या संग्रहातील पुस्तक केव्हाही उघडता येत होते. येथे उघडणे म्हणजे मूल्याचा नाश. सुझन स्टुअर्ट यांनी ‘ऑन लाँगिंग’ (१९८४) या ग्रंथात स्मरणवस्तू आणि संग्रह यांत केलेला भेद या ठिकाणी नेमका लागू पडतो : स्मरणवस्तू मालकाच्या भूतकाळाकडे बोट दाखवते, तर संग्रहात इतिहासाची जागा वर्गीकरण घेते. बालपणाच्या ओढीने सुरू झालेला संग्रह अखेरीस बालपणाच्या खुणा नसलेल्या वस्तूंना अग्रस्थान देतो.

मराठी पोथ्यांच्या अभ्यासकाला ही विसंगती चटकन जाणवावी. पोथीच्या समासातील टिपा, बोटांनी मळलेले कोपरे, दिव्याच्या तेलाचे डाग यांना तो केवळ दोष मानत नाही. ती पोथी कोणी, किती वेळा, कोणत्या पानापाशी थांबून वाचली, याचे ते साक्षीदार असतात. बाहुल्यांच्या बाबतीतही असे साक्षीदार आहेत. बोबा फेट मागवण्यासाठी मुलांना चार वेष्टनांवरील खरेदीचा शिक्का कापून पाठवावा लागत असे. आज असा कापलेला पुठ्ठा उणा ठरतो. वस्तुतः पुढच्या कथेची वाट पाहणाऱ्या वाचकाची ती नोंद आहे. हरवलेले शस्त्र, ढिले पडलेले सांधे, नाकावरून उडालेला रंग हे त्या कथेचे घरातल्या जमिनीवर झालेले वाचन होय. चित्रपटाने न सांगितलेले असंख्य प्रसंग तेथे रचले गेले आणि कोठेही लिहिले गेले नाहीत.

संग्राहकांनी कंपनीच्या कागदपत्रांपलीकडचा पाठ-इतिहास जपला, हे त्यांचे ऋण मान्य केले पाहिजे. तथापि त्यांच्या गुणांकनाची मूल्यव्यवस्था तौलनिक अभ्यासाने जशीच्या तशी स्वीकारली, तर निर्मात्याचा पाठ शिल्लक राहील आणि ग्रहणाचा इतिहास पुसला जाईल. खेळून झिजलेल्या बाहुल्या आजही जुन्या वस्तूंच्या बाजारांत आणि माळ्यांवरच्या खोक्यांत पुष्कळ आहेत. त्या स्वस्त आहेत, म्हणून कोणी त्यांची सूची करत नाही. त्यांची नोंद घेणारी वर्णनात्मक सूची, जिच्यात झीज हा दोष न मानता पुरावा मानला जाईल, ही या क्षेत्राची पहिली गरज आहे.