प्रेरणेची यादी आणि रचनेचा पुरावा

तरुण संगीतरचनाकाराला हमखास विचारला जाणारा प्रश्न म्हणजे ‘प्रेरणा कोणाची?’ उत्तरही बहुधा ठरलेले असते : अमुक चित्रपट, तमुक उस्ताद, लहानपणी ऐकलेले एखादे गाणे. समीक्षक ही यादी हातात घेतो आणि रचनेत तिचे पडसाद शोधतो. सापडले तर रचना ‘अनुकरण’ ठरते. न सापडले तर ‘उपरी’. ही पद्धत मुळातच अपुरी आहे, असे माझे मत आहे. ते तपासण्यासाठी दोन उदाहरणे घेतो. एक मुंबईच्या रचनाकाराचे, चेंबर संगीताचे, म्हणजे मोजक्या वाद्यांसाठी लिहिलेल्या संगीताचे. दुसरे अहमदाबादचे, इलेक्ट्रॉनिक संगीताचे. दोन्हींत रचनाकाराची विद्यार्थिदशा आपल्याला बऱ्यापैकी ठाऊक आहे.

वनराज भाटिया (१९२७–२०२१) हे मुंबईच्या कच्छी व्यापारी कुटुंबातले. हिंदुस्थानी संगीत ते शिकले प्रा. बी. आर. देवधरांच्या विद्यालयात, विष्णु दिगंबरांच्या परंपरेतल्या, कुमार गंधर्व जिथे घडले त्याच ठिकाणी. किशोरवयात चायकोव्हस्कीचा पहिला पियानो कन्चेर्टो कानावर पडला आणि ते पाश्चात्त्य संगीताकडे ओढले गेले. पुढे माणेक भगत यांच्याकडे चार वर्षे पियानो, १९४९ मध्ये एल्फिन्स्टन कॉलेजातून एम. ए., मग लंडनची रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिक, तिथले सुवर्णपदक, आणि १९५४ नंतर पॅरिसमध्ये नादिया बुलांजे यांची तालीम.

आता यादी करायची तर ती सोपी आहे : देवधर, चायकोव्हस्की, बुलांजे. पण यातले शेवटचे नाव यादीची पद्धतच मोडीत काढते. १९५४ मध्येच बुलांजेबाईंकडे अर्जेंटिनाचा आस्तोर पियाझोला शिकायला आला होता. त्याने पुढे टँगोचा कायापालट केला. त्याआधी अमेरिकेचा आरन कोपलंड आणि दशकभराने फिलिप ग्लास यांनी त्यांच्याचकडे शिक्षण घेतले. या चौघांचे संगीत एकमेकांसारखे अजिबात वाटत नाही. याचे कारण असे, की बाईंकडे शैली मिळत नसे, शिस्त मिळत असे : एकाच वेळी चालणाऱ्या दोन, तीन, चार स्वरावली परस्परांना न तुडवता कशा चालवायच्या, याचा रोजचा गृहपाठ.

आपल्या कानाला हे पटकन उमगत नाही, कारण आपल्याकडे ‘कोणाचे शिष्य?’ या प्रश्नाचे उत्तर गळ्यातून ऐकू येते. वामनराव देशपांडे यांनी ‘घरंदाज गायकी’ (१९६१) मध्ये स्वर आणि लय या दोन ध्रुवांमध्ये घराण्यांची जी मांडणी केली, ती याच गृहीतावर उभी आहे आणि गायकीपुरती ती भक्कम आहे. परंतु लिहिलेल्या संगीतात गुरूचा आवाज वारशाने येत नाही. भाटियांनी पियानोसाठी ‘फँटसी अँड फ्यूग इन सी’ लिहिली ती १९९९ मध्ये, म्हणजे बहात्तराव्या वर्षी. फ्यूग म्हणजे एकच विषय एकामागून एक आवाजांनी उचलायचा आणि मागच्याने पुढच्याचे भान राखायचे. पॅरिस सोडून चार दशके लोटल्यावरही हा माणूस त्या शिस्तीकडे परत जातो. माझ्या मते, प्रेरणा असलीच तर ती इथे आहे. कुमारवयातला चायकोव्हस्की हे फक्त निमित्त.

मराठी वाचकाला जवळचा दाखला हवा असेल तर ‘भूमिका’ (१९७७) आठवावा. हंसा वाडकरांच्या ‘सांगत्ये ऐका’वर आधारलेल्या या चित्रपटात भाटियांनी बोलपटाच्या बदलत्या काळानुसार गाण्यांचा बाज बदलला आहे. इतक्या वेगवेगळ्या बाजांत सहज वावरणे हेही शैली नव्हे, तर शिस्त शिकलेल्या माणसाचेच लक्षण.

दुसरे उदाहरण अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेचे. १९६९ मध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी तिथे मूग सिंथेसायझर बसवला. या उपक्रमामागे गीता साराभाई होत्या. १९४६ मध्ये न्यूयॉर्कला जॉन केज यांना भारतीय संगीताची ओळख करून देणाऱ्या त्याच. १९६९ ते १९७२ या काळात तिथे गीताबेन, आय. एस. माथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा आणि वास्तुकलेचा तरुण विद्यार्थी जिनराज जोशीपुरा यांनी ध्वनिफितींवर रचना केल्या.

जोशीपुरांच्या रचनेचे नाव ‘स्पेस लायनर २००१’. नावातच प्रेरणा उघड दिसते. कुब्रिकचा ‘२००१’ हा चित्रपट १९६८ चा. माणूस चंद्रावर उतरला तो जुलै १९६९ मध्ये. आणि त्याच वर्षी १५ ऑगस्टला इस्रोची स्थापना झाली, ती विक्रम साराभाईंच्या पुढाकाराने. पण त्या चित्रपटाचे संगीत आठवून पाहा. श्ट्राउस, लिगेती, खाचातुरियान : सगळे वाद्यवृंदाचे आणि समूहगानाचे, मूगचा त्यात मागमूस नाही. म्हणजे चित्रपटाने या विद्यार्थ्याला विषय दिला, ध्वनी दिला नाही. ध्वनी दिला यंत्राने.

ते यंत्रही समजून घ्यायला हवे. मूगमध्ये स्वराची उंची विजेच्या दाबावर ठरते; दाब सलग चढवला की स्वर सलग चढतो. पट्ट्यांच्या वाद्यात जी मींड अशक्य, ती इथे सहज. मींड नाही म्हणून आकाशवाणीने १९४० पासून सुमारे तीन दशके हार्मोनियमला दार बंद ठेवले, हे लक्षात घेतले तर या ‘परदेशी’ यंत्राचा आपल्या कानाशी असलेला संबंध अधिक स्पष्ट होतो. शिवाय या यंत्राला स्मरण नव्हते. तारा जोडून मिळवलेला आवाज तारा काढल्या की गेला. एका वेळी एकच स्वर. थर चढवायचे तर टेपवर. हे सारे रचनेच्या घडणीतच उतरते.

माथुरांच्या एका रचनेचे नाव आहे ‘वन्स आय प्लेड अ तानपुरा’. तानपुऱ्याची जवारी काढणे म्हणजे तार घोडीला कितपत घासू द्यायची, पर्यायाने कोणते उपस्वर उमलू द्यायचे, हे ठरवणे. मूगचा फिल्टर उलट्या दिशेने तेच करतो : उपस्वरांनी भरलेल्या लहरीतून नको ते छाटतो. जवारीवर पोसलेल्या कानाला फिल्टर परका वाटला नसावा, असे माझे अनुमान आहे.

इथे मर्ढेकर आडवे येतात. ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) मधील भूमिकेनुसार कलाकृतीचे मोल तिच्या माध्यमातील संवेदनांच्या लयबद्ध रचनेत असते; संवाद, विरोध आणि समतोल हे त्या लयीचे नियम. प्रेरणा कुठली, हा प्रश्न मग चरित्रकाराचा उरतो. मर्ढेकरांचा हा आक्षेप मला निम्मा मान्य आहे. अंतराळ, चंद्र, चित्रपट हे बाजूला ठेवून फीत केवळ संवाद-विरोधाच्या अंगाने ऐकावी, हे योग्यच. मात्र शिस्त आणि साधन यांना प्रेरणेच्या यादीत ढकलून बाहेर काढता येत नाही, कारण ती माध्यमाच्याच आत बसलेली असतात. एका वेळी एकच स्वर देणारे यंत्र हा चरित्राचा तपशील नव्हे. तो लयीचा भाग आहे.

यात पणाला काय लागले आहे? अहमदाबादच्या फिती संस्थेच्या संग्रहात पडून राहिल्या. पॉल परगस यांनी त्या शोधून काढल्या आणि निवडक रचना २०२३ मध्ये प्रकाशित झाल्या. मधल्या अर्धशतकात या रचना ऐकून कोणी विद्यार्थी घडला नाही. भाटियांनाही लोक ‘मंथन’, ‘तमस’ आणि जाहिरातींसाठी ओळखतात. त्यांचे पियानो आणि तंतुवाद्यांचे काम ऐकलेले मराठी रसिक मला फार भेटलेले नाहीत. रचना ऐकू आली नाही, तर ती कोणाची प्रेरणा कशी होणार?

यवतमाळात आज इलेक्ट्रॉनिक संगीत करायला स्टुडिओ लागत नाही, मोबाइल पुरतो. एका महाविद्यालयीन मुलाने जिनिंगच्या यंत्रांचा आवाज आणि दंडारीतले ढोल ध्वनिमुद्रित करून चार-पाच मिनिटांची रचना केली होती. ऐकून झाल्यावर सभेतून पहिला प्रश्न आला, ‘यात राग कोणता?’ आणि दुसरा, ‘हे कुठल्या सिनेमासारखं केलं?’ मुलगा गप्प बसला. जिनिंगच्या एकसुरी घरघरीवर त्याने ढोल जाणूनबुजून किंचित मागे ठेवला होता, त्यामुळे रचना सतत पुढे कलंडल्यासारखी वाटत होती. मर्ढेकरांच्या भाषेत हाच विरोध. त्याबद्दल कोणी विचारले नाही.

त्या मुलाकडे बुलांजेबाई नाहीत, की ट्यूडर नाहीत. त्याला मिळू शकेल अशी शिस्त म्हणजे बारकाईने ऐकणारे चार जण आणि त्यांचे नेमके प्रश्न : हा आवाज इथेच का थांबवलास? हा थर काढला तर काय बिघडेल? असे प्रश्न विचारण्यापुरती भाषा मराठी समीक्षेजवळ १९५५ पासून आहे. ती साहित्यासाठी भरपूर वापरली गेली. आता कानासाठीही वापरायला हवी.