पुनवेचा वाघ

इंग्रजी सिनेमात पौर्णिमेच्या रात्री माणसाचा लांडगा होतो. आपल्याकडे लांडग्याला तेवढा मान नाही. शेरडू-मेंढरू पळवणारं चोरटं जनावर ते, धनगराची कुत्री मागं लागली की गेलं. महेश भट्टने १९९२ साली ‘जुनून’ काढला तेव्हा लांडग्याच्या जागी वाघ बसवला, हे मोठं शहाणपण केलं. मूळ सांगाडा जॉन लँडिसच्या १९८१ च्या ‘अ‍ॅन अमेरिकन वेअरवुल्फ इन लंडन’चा. दोन मित्र, परका मुलूख, जनावराचा हल्ला, आणि वाचलेल्याच्या अंगात ते जनावर. पण वाघ आला आणि गोष्ट आमची झाली. वरंधा घाटात वाघजाई आहे, मावळात वाघबारस आहे. जुनी माणसं तिन्हीसांजेला वाघाचं नावसुद्धा घेत नसत, ‘मोठं जनावर’ म्हणत.

वेल्ह्याच्या बाजूला थिएटर कुठलं? सिनेमा यायचा तो पूजेला. कुणाच्या घरी सत्यनारायण असला की वर्गणी काढून भोरहून व्हिडिओ आणायचा. टीव्ही, व्हीसीआर आणि तीन कॅसेटी असं सगळं एष्टीच्या टपावर, पोत्यात गुंडाळून. पहिला सिनेमा देवाचा किंवा दादा कोंडक्यांचा, दुसरा मारामारीचा आणि मध्यरात्रीनंतर, पोरं आईच्या मांडीवर कलंडली की भुताचा. रामसे बंधूंचा ‘पुराना मंदिर’ आम्ही असाच पाहिला. याच रामसेंनी आमच्या शेजारी महाबळेश्वरला जाऊन ‘दो गज जमीन के नीचे’ उरकला होता. पुढे परदेशातल्या मोंडो मकाब्रो नावाच्या कंपनीने ‘पुराना मंदिर’ची झकपक डीव्हीडी काढली म्हणे. आमच्या नशिबी मात्र नकलेची नक्कल.

‘जुनून’ची ती कॅसेट इतकी झिजलेली होती की पडद्यावर वरून खाली पांढऱ्या रेघांचा पाऊस. तळाशी कुठल्या कुठल्या दुकानांच्या जाहिराती सरकायच्या. रात्रीचे प्रसंग म्हणजे निव्वळ काळोख. राहुल रॉयचा वाघ होतो तेव्हा आम्हाला दिसले फक्त दोन डोळे आणि एक हात. बाकी गुरगुर ऐकायची. घाबरलो मात्र खरेच. दहा वर्षांनी पुण्यात याच सिनेमाच्या व्हीसीडीच्या दोन चकत्या विकत घेतल्या, तेव्हा स्वच्छ उजेडात डकवलेले केस आणि रबराचा चेहरा दिसला. लँडिसच्या सिनेमात रिक बेकरने भर दिव्याच्या उजेडात माणसाची हाडं लांबवून दाखवली आणि रंगभूषेचं पहिलंवहिलं ऑस्कर घेतलं. इथे तेवढा पैसा नव्हता, तो नव्हता हे लपत नाही. मला त्याचं वाईट वाटलं नाही. सोंग काढायचं तर केस डकवावेच लागतात. आमच्या बोहाड्याचे मुखवटे काय खरे असतात?

वाईट वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं.

सिनेमाचा पहिला भाग शिकारीचा. शहरातले तरुण बंदुका घेऊन रानात येतात. पुनवेच्या रात्री शिकार करू नका, असं रानातली माणसं सांगतात. ते ऐकत नाहीत. इथे आमच्या ओट्यावर गोधडी पांघरून बसलेले तात्या मोठ्यानं बोलले, “सायबाला सांगून कळतंय व्हय? आमीबी सांगितलं हुतं.”

तात्या म्हणजे माझ्या आजोबांचे चुलतभाऊ. तरुणपणी हाकेकरी होते. पुण्याकडचे बंदूकवाले हौशी यायचे, मग वाड्यावाड्यांतून माणसं गोळा व्हायची. डबे, ढोल, काठ्या घेऊन तोरण्याच्या अंगचं रान तुडवत जनावर बंदुकीच्या तोंडाशी आणायचं. मजुरी म्हणजे थोडे पैसे आणि सागुती. त्या खेपेला साहेबाची गोळी बिबळ्याच्या पुठ्ठ्यात बसली आणि तो करवंदीच्या जाळीत शिरला. जखमी जनावराच्या मागं संध्याकाळी जाऊ नये, हे शेंबड्या पोराला ठाऊक. तात्यांनी आणि त्यांच्या थोरल्या भावानं हात जोडून सांगितलं. साहेबाला कातडं पाहिजे होतं. थोरला आधी जाळीत गेला. पुढचं तात्या कधी सांगत नसत. त्यांच्या डाव्या खांद्याला जो खड्डा होता तो भावाला ओढून काढतानाचा. भाऊ चौथ्या दिवशी गेला. साहेब मोटारीनं परत गेले होते. १९७२ चा कायदा येईपर्यंत असल्या शिकारी चालूच होत्या.

आता सिनेमा बघा. वाघाचा शाप बंदूकवाल्याला लागतो. त्याच्या अंगात जनावर येतं, त्याचं आयुष्य नासतं. आपल्याला त्याची दयाही येते, कारण राहुल रॉयचा चेहरा ‘आशिकी’पासून दयेसाठीच घडवलेला आहे. मात्र त्याचं गार, हललं न हललं असं बघणं या भूमिकेला शोभतं, एवढं श्रेय त्याला द्यावंच लागेल. पण रानातल्या माणसांचं काम काय? इशारा देणं. तो दिला की त्यांचा हिशोब मिटला. मग पूजा भट्ट, अविनाश वाधवान, प्रेमाचा त्रिकोण आणि नदीम-श्रवणची गाणी. गाणी गोड आहेत, पण भीती जरा कुठे मुरायला लागली की एक येतंच. ज्यांच्या रानात हे सगळं घडलं त्यांच्यातलं कुणी दगावलं का, त्याच्या बायकापोरांनी पुढं काय केलं, हा प्रश्न सिनेमाला पडतच नाही. भट्टला माणूस कळत नाही असं नाही, ‘अर्थ’ आणि ‘सारांश’ त्याचेच. म्हणून हे जास्त खुपतं.

त्या रात्री वाघ शहरात हिंडू लागला तशी पोरं हसायला-शिट्ट्या मारायला लागली. तात्या मात्र वैतागले. “शाप त्याला कसा लागंल? त्यो तर मोटारीत बसून ग्येला.” कुणीतरी म्हणालं, “तात्या, शिणिमा हाय त्यो.” तेव्हा तात्या गप्प झाले आणि गोधडी झटकून गोठ्याकडे गेले. जाताना खळ्याच्या कडेच्या दिव्याची वात मोठी केली, हे मला स्पष्ट आठवतं. खाली रेड्याएवढी मोठी पाडी बांधलेली होती.

व्हीसीडी माझ्याकडे अजून आहे. पहिली चकती, शिकारीपर्यंतची, मी दोन-तीनदा बघितली. इशारा देणाऱ्या माणसाचा चेहरा किती वेळ पडद्यावर राहतो, ते घड्याळ लावून मोजलं. मिनिटाच्या आतबाहेर.