वर्धित वास्तव : जाहिरात किती आणि ज्ञान किती?

सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यात एका शाळेत आम्ही गेलो होतो. शाळेने पालकांच्या वर्गणीतून प्राण्यांच्या चित्रपत्त्यांचा एक संच विकत घेतला होता. पत्ता टेबलावर ठेवायचा आणि त्यावर मोबाइलचा कॅमेरा धरायचा. पडद्यावर त्या पत्त्यावर वाघ उभा राहतो, मान वळवतो, डरकाळी फोडतो. मुले हरखून गेली होती. आम्ही सहज विचारले, "वाघ केवढा असतो रे?" तिसरीतल्या एका मुलाने हाताची वीत पसरून दाखवली.

मुलाचे काही चुकले नाही. जे पाहिले ते त्याने सांगितले. पण साताऱ्यातील कोयना अभयारण्य आणि सांगलीच्या सीमेवरील चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. त्या डोंगरांच्या पायथ्याशी वाढणाऱ्या मुलाच्या मनात वाघ वीतभर राहावा, आणि तोही शाळेने पैसे मोजून, ही गोष्ट आम्हाला खटकली. म्हणून या साधनांकडे जरा चिकित्सक नजरेने पाहू.

या तंत्राला ऑगमेंटेड रिॲलिटी, मराठीत वर्धित वास्तव, म्हणतात. रोनाल्ड अझुमा या संशोधकाने १९९७ साली त्याच्या तीन अटी सांगितल्या : खरे आणि कृत्रिम एकत्र दिसले पाहिजे, ते त्याच क्षणी आपल्या हालचालींना प्रतिसाद देणारे हवे आणि कृत्रिम वस्तू खऱ्या जागेत त्रिमितीत नेमकी बसलेली हवी. म्हणजे चौकटीचा कोड टिपून एखादी चित्रफीत उघडणे हे वर्धित वास्तव नव्हे. तो केवळ पत्ता सांगणारा शिक्का झाला. आयव्हन सदरलँड यांनी १९६८ साली डोक्यावर बसवायचा असा पहिला पडदा बनवला. हे नाव रूढ झाले ते १९९० च्या सुमारास, बोइंग कंपनीतील टॉम कॉडेल यांच्यामुळे. विमानातील तारांची जोडणी करणाऱ्या कामगाराला कोणती तार कुठे न्यायची हे डोळ्यांसमोरच दिसावे, हा तिथला हेतू होता. थोडक्यात, जन्म कारखान्यात झाला; जाहिरातदार पुढे आले.

आता प्रश्न असा, की पत्त्यावरचा वाघ वीतभर का? याचे उत्तर दहावीच्या समरूप त्रिकोणांत आहे. कॅमेऱ्यातील प्रतिमेचा आकार वस्तूची उंची आणि तिचे अंतर यांच्या गुणोत्तरावर ठरतो. एक मीटरवरची २० सेंटिमीटरची बाहुली आणि दहा मीटरवरचा दोन मीटरचा माणूस यांची प्रतिमा सारख्याच उंचीची पडते. म्हणजे एकट्या कॅमेऱ्याला खरे माप कळूच शकत नाही; कुठून तरी एक ज्ञात लांबी पुरवावी लागते. पत्त्यांच्या संचात ती लांबी म्हणजे पत्ताच. त्याच्या कडांवरून मोबाइल सगळा हिशेब करतो. वाघ केवढा दाखवायचा हे मात्र बनवणारा ठरवतो, आणि तो पत्त्यावर मावेल एवढाच दाखवतो.

पत्ता नसेल तेव्हा मोबाइलमधील त्वरण मोजणारा संवेदक उपयोगी पडतो. हात किती हलला हे त्यावरून काढता येते. पण त्वरणावरून अंतर काढताना चूक वेळेच्या वर्गाने वाढते. त्वरणात ०.०२ मीटर प्रति सेकंद वर्ग इतकी चूक कायम राहिली, तर एका सेकंदात अंतर एक सेंटिमीटर चुकते आणि दहा सेकंदांत चक्क एक मीटर! म्हणून कॅमेरा आणि संवेदक एकमेकांच्या चुका सतत सुधारत राहतात. त्यासाठी कॅमेऱ्याला पृष्ठभागावर ठिपके, रेषा, कोपरे दिसावे लागतात. शेणाने सारवलेल्या खडबडीत जमिनीवर हे चांगले जमते. चकचकीत फरशीवर किंवा कोऱ्या पांढऱ्या भिंतीसमोर वस्तू घसरू लागते. हा प्रयोग विद्यार्थ्यांकडून जरूर करून घ्यावा.

एवढे समजले की बाजारातील उपयोगांची पारख करता येते. स्वीडिश कंपनी आयकियाने २०१७ साली एक ॲप काढले. आपल्या खोलीत कंपनीचा सोफा ठेवून पाहता येई, आणि मापे ९८ टक्के अचूक असल्याचा कंपनीचा दावा होता. दोन मीटरच्या सोफ्यात चार सेंटिमीटरची चूक धरली तरी ग्राहकाच्या खऱ्या प्रश्नाला, 'हा इथे मावेल का?' याला, उत्तर मिळते. शिवाय टेप लावून ते पडताळता येते. जाहिरात म्हणून हा उपयोग आम्हाला प्रामाणिक वाटतो. गूगलने २०१९ साली आपल्या शोधयंत्रात दाखवलेला वाघही खऱ्या मापाचा होता. २०२० च्या टाळेबंदीत किती तरी मुलांनी घरात त्याच्याशेजारी उभे राहून छायाचित्रे काढली. तंत्र तेच, पण वाघ मात्र घरातल्या पलंगाहून लांब.

चष्म्याची चौकट चेहऱ्यावर बसवून दाखवणाऱ्या ॲपला आम्ही निम्मेच गुण देऊ. चौकट शोभते का हे कळते. नाकावर किती भार पडेल हे कळत नाही. दोन बाहुल्यांमधील अंतर मोजायचे, तर ज्ञात लांबी कोणती? एक युक्ती अशी, की बुबुळाचा आडवा व्यास बहुतेक माणसांत सुमारे ११.७ मिलिमीटर असतो. तीच मोजपट्टी धरायची. पण त्यात अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे होतो, म्हणजे सुमारे चार टक्के. ६३ मिलिमीटर अंतरात ही चूक अडीच मिलिमीटरहून अधिक भरते. जास्त नंबरच्या भिंगांत एवढा फरक डोळ्यांना त्रास देऊ शकतो.

तिसरा उपयोग मात्र धोक्याचा आहे. नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटाबंदीनंतर 'मोदी कीनोट' नावाचे एक ॲप देशभर पसरले. दोन हजारांच्या नव्या नोटेवर कॅमेरा धरला, की पंतप्रधानांच्या भाषणाची चित्रफीत सुरू होई. बनवणाऱ्यांनी ते करमणुकीसाठी काढले होते आणि तसे सांगितलेही. तरी अनेकांनी समजूत करून घेतली, की भाषण सुरू झाले म्हणजे नोट खरी. वास्तविक असे ॲप छापलेले चित्र ओळखते; कागद, जलचिन्ह, सुरक्षा धागा यांच्याशी त्याचा काही संबंध नसतो. रंगीत झेरॉक्सवरील चित्रही त्याला चालेल. लोक फसले ते तंत्राने नव्हे, तर 'मोबाइलने ओळखले' या शब्दांवरील विश्वासाने.

उद्या हळदीच्या पाकिटावर मोबाइल धरताच डोलणारे शेत दिसू लागले, तर हाच घोटाळा होईल. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. तिच्या नावाला बाजारात किंमत आहे. पण पडद्यावरील शेत पाकिटाच्या आत काय आहे ते सांगत नाही. ते सांगते परीक्षानळी. हळद अल्कोहोलमध्ये ढवळून हायड्रोक्लोरिक आम्लाचे काही थेंब टाकले आणि गुलाबी रंग आला, तर मेटॅनिल यलो या रंगाच्या भेसळीची शंका घ्यावी. हा प्रयोग शिक्षकांनी स्वतः करून दाखवावा.

नवी वस्तू लोकांच्या गळी उतरवण्याचा सांगली जिल्ह्याला जुना अनुभव आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली. त्याआधी त्यांनी लोखंडी नांगर काढला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते अशा समजुतीने शेतकरी तो घेईनात. पुढे १९२० साली 'किर्लोस्कर खबर' हे मासिक निघाले. त्याचा उगमही कारखान्याच्या प्रसिद्धीसाठीच होता. तेव्हा प्रसिद्धी म्हणजे वाईट असे आमचे म्हणणे नाही. पण नांगराबद्दलचा दावा शेवटी शेतात तपासता येत होता. जमीन खरोखर खोल नांगरली जाते की नाही, पीक येते की नाही, हे शेतकऱ्याच्या डोळ्यांपुढे होते.

म्हणून असे साधन घेण्यापूर्वी शिक्षकांनी तीन प्रश्न विचारावेत. यातले माप खरे आहे का? दाखवलेली गोष्ट मोबाइलशिवाय पडताळता येईल का? आणि मोबाइल बाजूला ठेवल्यावर मुलाला पूर्वीपेक्षा काय अधिक कळले? तिन्ही उत्तरे 'नाही' किंवा 'काही नाही' अशी आली, तर ते खेळणे आहे. खेळणे जरूर घ्यावे, पण खेळण्याच्या पैशांतून. पालकांनी शिक्षणासाठी दिलेल्या वर्गणीतून नव्हे.

त्या दिवशी पाटणच्या शाळेत आम्ही संच परत ठेवायला सांगितला नाही. मुलांना पटांगणात नेले आणि टेपने तीन मीटर मोजायला लावले. पूर्ण वाढलेला नर वाघ नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत जवळपास एवढा भरतो. मुलांनी खडूने वाघ काढला, मग वीत दाखवणारा तो मुलगा त्याच्याशेजारी आडवा झाला. मुलगा संपला तरी वाघ बराच उरला होता. मग मुलांनी आपण होऊन पत्ता आणला, खडूच्या वाघाशेजारी ठेवला आणि मोबाइलवरचा वाघ किती पट लहान आहे, याचा हिशेब मांडायला घेतला.