विज्ञाननिष्ठा आणि पुण्यभू : सावरकरांच्या रत्नागिरी-पर्वातील निबंधांचा विचार

धर्मचिकित्सा आणि धर्म व राज्य यांची फारकत या दोन गोष्टी बहुधा एका दमात उच्चारल्या जातात. परंतु त्या एक नव्हेत. हा भेद तपासून पाहण्यास वि. दा. सावरकरांच्या रत्नागिरी-पर्वातील निबंधांइतके उपयुक्त साहित्य मराठीत थोडेच सापडेल.

१९२४ ते १९३७ या काळात सावरकर रत्नागिरी जिल्ह्यात स्थानबद्ध होते. राजकारणास बंदी असल्याने त्यांची लेखणी समाजकारणाकडे वळली. भागोजीशेठ कीर यांच्या द्रव्यसाहाय्याने १९३१ मध्ये सर्व हिंदूंना खुले झालेले पतितपावन मंदिर हे त्या कार्याचे दृश्य रूप, तर ‘विज्ञाननिष्ठ निबंध’ हे त्याचे वैचारिक रूप होय. ‘दोन शब्दांत दोन संस्कृती’ या निबंधात युरोपची अद्ययावतता आणि येथील शब्दप्रामाण्य यांचा विरोध त्यांनी मांडला. गाय हा उपयुक्त पशू आहे, माता नव्हे, हे त्यांचे प्रतिपादन तर सर्वश्रुत आहे. उपरोधाची धार, युक्तिवादाची बांधीव मांडणी आणि वाचकाच्या श्रद्धेस थेट भिडण्याचे धैर्य या गुणांनी हे लेखन आगरकरांच्या परंपरेशी नाते सांगते.

तथापि या चिकित्सेचा मापदंड कोणता, हे पाहणे अगत्याचे आहे. रूढी त्याज्य ठरते ती बुद्धीस पटत नाही म्हणून, आणि तितकीच, ती हिंदुसमाजास दुर्बल करते म्हणून. पहिली कसोटी व्यक्तीच्या विवेकाची आहे; दुसरी समूहाच्या सामर्थ्याची. आगरकरांचा भर पहिलीवर होता. सावरकरांच्या लेखनात निर्णायक क्षणी दुसरी पुढे येते.

यातील पेच १९२३ च्या ‘हिंदुत्व’ ग्रंथाशेजारी हे निबंध ठेवले असता स्पष्ट होतो. त्यातील व्याख्येनुसार हिंदुत्वास पितृभू पुरेशी नाही, पुण्यभूही हवी. पुण्यभू ही सांस्कृतिक कल्पना आहे, पारलौकिक नव्हे, असा बचाव करता येईल. परंतु ज्यांची पितृभू येथे, मात्र पवित्र स्थळे अन्यत्र, ते या व्याख्येबाहेर राहतात ते धार्मिक कारणानेच. गाईचे पावित्र्य नाकारणारा लेखक भूमीचे पावित्र्य मात्र राष्ट्रीयत्वाची अट म्हणून राखतो.

न्यायबुद्धीने हेही नोंदविले पाहिजे की, १९३७ च्या अहमदाबाद येथील हिंदुमहासभेच्या अध्यक्षीय भाषणात सावरकरांनी धर्मनिरपेक्ष समान नागरिकत्वाचा पुरस्कार केला. पण त्याच भाषणात हिंदू आणि मुसलमान ही दोन राष्ट्रे असल्याचेही त्यांनी म्हटले. कायद्यापुढे समता आणि राष्ट्रात भेद अशी ही द्विदल रचना आहे.

याच जिल्ह्यातील मुर्डी येथे जन्मलेले रँग्लर र. पु. परांजपे यांच्याशी तुलना येथे उद्‌बोधक ठरते. १९३१ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात त्यांनी सार्वजनिक जीवनावरील धर्माची पकड हेच हिंदी प्रश्नाचे मर्म मानले. त्यांची चिकित्सा सर्वच धर्मांना एकाच मापाने लागू होते. तिच्यात सावरकरांचा आवेश व भाषावैभव नाही. पण धर्मनिरपेक्ष राज्यास लागणारे मूळ एकक, म्हणजे धर्मसमूह नव्हे तर नागरिक, तिला अधिक स्पष्ट दिसले.

सारांश, विज्ञाननिष्ठ निबंधांचे महत्त्व श्रद्धाभंजनाच्या बाबतीत निर्विवाद आहे. परंतु देवाविषयी संशय घेणे आणि राज्यास धर्मापासून अलग ठेवणे ही दोन स्वतंत्र कार्ये आहेत, आणि पहिले पार पडल्याने दुसरे आपोआप सिद्ध होत नाही, हाच त्यांच्या अभ्यासाचा निष्कर्ष होय.