व्याख्या-कलमाची भाषा : ‘पर्यावरण’, ‘प्रदूषक’ व ‘वन’ ह्या शब्दांचे परीक्षण

अधिनियमातील व्याख्या-कलम हा एक लहानसा शब्दकोशच होय, अशी सामान्य समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. समाजात जो अर्थ चालू आहे तो कोशकार टिपून ठेवतो आणि तो चुकला तर भाषा बोलणारे लोक त्याची चूक त्याच्या पदरात घालू शकतात. विधिकार अर्थ टिपीत नाही, तो नेमून देतो. आणि लोकांचा वापर त्याच्या विरुद्ध असला तरी त्या अधिनियमापुरता तो अर्थ खोटा ठरत नाही. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाने ‘झाड’ ह्या शब्दात बांबूचा समावेश केला होता. वनस्पतिशास्त्रात बांबू हे गवत, आणि मराठी बोलणाराही बांबूचे ‘बेट’ म्हणतो. तरी नव्वद वर्षे बांबू कायद्याने झाडच राहिला आणि तोडण्यास व वाहून नेण्यास परवाने मागत राहिला. २०१७ साली वटहुकुमाने तो शब्द व्याख्येतून गाळला, तेव्हा कोठे त्याला आपले गवतपण परत मिळाले.

ह्या लेखात प्रतिपादन करावयाचे ते असे की, आपल्या पर्यावरणविषयक कायद्यांत ज्या शब्दांची व्याख्या झाली आहे त्यांचा निर्णायक अर्थ व्याख्येच्या वाक्यात राहिलेला नाही, तो नियमांत, कोष्टकांत व अधिसूचनांत निघून गेला आहे. उलट ज्या एका महत्त्वाच्या शब्दाची व्याख्याच झाली नव्हती, त्याचा अर्थ बरीच वर्षे अधिक सुरक्षित राहिला. व्याख्या जितकी नेमकी तितका कायदा समर्थ, हे मत विधिज्ञांत व भाषातज्ज्ञांतही रूढ आहे. प्रस्तुत लेखकास ते मान्य करणे कठीण वाटते.

पर्यावरण (संरक्षण) अधिनियम १९ नोव्हेंबर १९८६ पासून अमलात आला. त्याच्या प्रास्ताविकेत १९७२ च्या स्टॉकहोम परिषदेचा उल्लेख आहे. डिसेंबर १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेचा नाही, परंतु ती प्रत्येक ओळीच्या मागे उभी आहे. अवघ्या २६ कलमांच्या ह्या अधिनियमाच्या दुसऱ्या कलमात सात संज्ञांच्या व्याख्या आहेत. पहिली ‘पर्यावरण’ ह्या संज्ञेची असून तिचे क्रियापद इतरांहून वेगळे आहे. इतर व्याख्या ‘म्हणजे’ ह्या घाटाच्या आहेत. ही मात्र ‘ह्यात समावेश होतो’ ह्या घाटाची आहे. पहिला घाट कुंपण घालतो, दुसरा दार उघडे ठेवतो, हा भेद विधिज्ञांना परिचित आहे. तथापि त्या उघड्या दारातून आत कोण आले आहे हे त्या वाक्यावरून ठरत नाही, ह्याकडे पुरेसे लक्ष गेलेले दिसत नाही.

मूळ इंग्रजी वाक्यात प्रथम पाणी, हवा व जमीन येतात. मग त्यांचा ‘परस्परसंबंध’ येतो. आणि एका स्वल्पविरामानंतर मनुष्यप्राणी, इतर सजीव, वनस्पती, सूक्ष्मजीव व मालमत्ता अशी यादी येते. ही यादी कोणाशी जोडावयाची? मनुष्य, वनस्पती इत्यादी हे पर्यावरणाचे घटक आहेत, की पाणी-हवा-जमीन ह्यांच्याशी असलेल्या संबंधाचे ते केवळ दुसरे टोक आहेत? इंग्रजीला हा निर्णय टाळता येतो, कारण तेथे ‘आणि’ हे उभयान्वयी अव्यय दोन्ही बाजूंना सारख्याच सहजतेने जोडता येते. मराठीत तशी सोय नाही. ‘ह्यांच्याशी’ हे प्रत्यययुक्त रूप लिहिले की यादी संबंधाला बांधली जाते. ते न लिहिले तर ती सुटी होऊन ‘समावेश’ ह्या शब्दाकडे जाते. पदव्युत्तर वर्गात हे वाक्य मराठीत उतरविण्यास दिले असता विद्यार्थ्यांत सरळ दोन तट पडतात आणि दोन्ही तट मूळ वाक्याचाच आधार दाखवितात. अनुवाद हे विश्लेषणाचे किती निष्ठुर साधन आहे, ह्याचा प्रत्यय अशा वेळी येतो.

हा वाद केवळ व्याकरणाचा नव्हे. पहिला अन्वय घेतला तर झाड हे स्वतः पर्यावरण होते व त्याला झालेली इजा ही पर्यावरणाची इजा ठरते. दुसरा घेतला तर झाडाचा पाण्याशी, मातीशी जो संबंध आहे तो बिघडला हे दाखवावे लागते. गंमत अशी की ‘पर्यावरण’ हा आपण घडविलेला शब्द दुसऱ्या अन्वयाच्या बाजूचा आहे. परि + आवरण, म्हणजे भोवतालचे वेष्टन. वेष्टन म्हटले की आत कोणीतरी वेष्टिलेला असतो, आणि तो मनुष्य आहे हे सांगावे लागत नाही. यादीच्या शेवटी ‘मालमत्ता’ येऊन बसली आहे, ती त्याच मनुष्याच्या मागोमाग आली असावी.

आता ‘पर्यावरणीय प्रदूषक’ ही संज्ञा पाहू. जो घन, द्रव वा वायुरूप पदार्थ पर्यावरणास अपायकारक होईल किंवा होऊ पाहील इतक्या संहतीत असतो, तो प्रदूषक. आणि ‘पर्यावरणीय प्रदूषण’ म्हणजे काय? तर पर्यावरणात प्रदूषक असणे. हे वर्तुळ तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यासही दिसेल. पण वर्तुळाहून महत्त्वाचा शब्द ‘संहती’ हा आहे. कोणताही पदार्थ स्वभावतः प्रदूषक नाही, प्रमाणाने तो प्रदूषक होतो. शास्त्राच्या दृष्टीने हे योग्यच आहे. मात्र ते मान्य करताच प्रश्न उरतो की प्रमाण कोणी ठरवावयाचे. आणि त्याचे उत्तर कलमातील सातव्या व सर्वांत तोकड्या व्याख्येत आहे. ‘विहित’ म्हणजे नियमांनी विहित केलेले. अर्थनिर्णयाचे काम वाक्याकडून आकड्याकडे जाते ते येथून. आकडा बदलावयास संसदेची गरज लागत नाही.

१९७४ च्या जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियमाची भाषा ह्याहून जुनी, अधिक पसरट, आणि माझ्या मते अधिक शहाणी आहे. तेथे प्रदूषण म्हणजे पाण्याच्या भौतिक, रासायनिक वा जैविक गुणधर्मांत होणारा फेरफार, किंवा पाण्यात सोडलेले सांडपाणी, ज्याने उपद्रव होईल किंवा पाणी घरगुती, शेतीच्या वा इतर वैध उपयोगास अपायकारक होईल. ही व्याख्या घडणाऱ्या क्रियेकडे पाहते. १९८६ ची असलेल्या पदार्थाकडे. म्हणूनच गरम पाणी नदीत सोडले तर १९७४ ची व्याख्या ते सहज पकडते. १९८६ च्या व्याख्येला मात्र उष्णता हा घन, द्रव की वायू असा विचार करीत बसावे लागेल. त्याच अधिनियमात ‘प्रवाह’ ह्या शब्दात वाहता ‘किंवा तूर्त कोरडा’ जलमार्ग अंतर्भूत केला आहे. आठ महिने ज्याच्या पात्रातून बैलगाडी जाते तोही ओढाच, हे दख्खनच्या शेतकऱ्यास कोणी सांगावयास नको. कायद्यालाही ते कळले, ही समाधानाची गोष्ट आहे.

पदार्थाच्या आग्रहामुळे खरी पंचाईत झाली ती आवाजाची. १९८१ च्या वायु अधिनियमातील ‘वायुप्रदूषक’ ह्या संज्ञेच्या व्याख्येत ‘घन, द्रव वा वायुरूप पदार्थ’ ह्या शब्दांनंतर १९८७ च्या दुरुस्तीने कंसात ‘आवाज धरून’ असे घातले गेले. १९८६ च्या अधिनियमात तर व्याख्या-कलमात आवाज नाहीच. तो सहाव्या कलमात, संहतीच्या मर्यादा ठरविण्याचा अधिकार देताना, पुन्हा कंसातूनच आत शिरतो. आवाज हा पदार्थ कसा, असे कोणी विचारील. वैशेषिकांच्या मते शब्द हा आकाशाचा गुण आहे, द्रव्य नव्हे. भाट्ट मीमांसक त्याला द्रव्य मानीत. परंतु वैशेषिकांची ‘पदार्थ’ ही संज्ञा द्रव्य, गुण, कर्म ह्या सर्वांना कवेत घेते. तेव्हा जो कंस इंग्रजी पाठात तर्कदृष्ट्या ओढूनताणून बसविलेला वाटतो, तो मराठी पाठात ‘पदार्थ’ ह्या शब्दाच्या जुन्या अर्थाने बिनदिक्कत बसतो. अर्थात हे पुण्य अनुवादकाचे नव्हे, कणादाचे.

ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. निवासी क्षेत्रात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल, शांतता क्षेत्रात दिवसा ५० व रात्री ४०, असे मान त्यांत आहे. शांतता क्षेत्र म्हणजे रुग्णालये, शिक्षणसंस्था, न्यायालये ह्यांच्या भोवतालचे किमान १०० मीटरचे क्षेत्र, असा समज मुंबईपुण्यातील नागरिकांस होता व न्यायालयासही होता. ऑगस्ट २०१७ मध्ये एक परंतुक जोडले गेले : राज्य शासनाने अधिसूचित केल्यावाचून कोणतेही क्षेत्र शांतता क्षेत्र होणार नाही. मुंबई उच्च न्यायालयाने त्यास स्थगिती दिली आणि थोड्याच दिवसांत सर्वोच्च न्यायालयाने ती स्थगिती उठविली. रुग्णालय तेथेच होते, रुग्णही तेच. शांतता मात्र अधिसूचनेची वाट पाहू लागली. वस्तूच्या वर्णनाने लागू होणारी संज्ञा अशा रीतीने नामकरणविधीने लागू होणारी संज्ञा झाली.

ह्याच्या उलट उदाहरण ‘वन’ ह्या शब्दाचे. १९२७ च्या अधिनियमात त्याची व्याख्या नाही व १९८० च्या वन (संवर्धन) अधिनियमातही नव्हती. १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन तिरुमुलपाड प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की हा शब्द त्याच्या कोशातील अर्थाने समजावा आणि मालकी कोणाचीही असली तरी शासकीय दप्तरात वन म्हणून नोंदलेली जमीनही त्यात धरावी. ह्या एका वाक्याने देशभरातील खाजगी व अनोंदलेली वने कायद्याच्या छायेत आली. कोशाला असा मान क्वचितच मिळाला असेल.

परंतु कोणता कोश? आदेशात त्याचे नाव नाही. संदर्भ अर्थातच इंग्रजी शब्दाचा. मराठी कोश उघडला तर न्यायालयाच्या एका शब्दापुढे वन, अरण्य, जंगल, रान, राई, झाडी असे अर्धा डझन शब्द उभे राहतात आणि त्यांच्या सीमा एकमेकींशी जुळत नाहीत. आयुर्वेदातील ‘जांगल’ देश कोरडा व विरळ झाडांचा असतो. त्यातूनच आलेले आपले ‘जंगल’ मात्र दाट झाले. ‘रान’ हे ‘अरण्या’चेच प्राकृतातून आलेले रूप, पण ‘रानात चाललो’ असे देशावरचा शेतकरी म्हणतो तेव्हा तो आपल्या शेतात चाललेला असतो. कोशातील अर्थ घ्या असे म्हणणे म्हणूनच दिसते तितके सोपे नाही. तथापि कोशातील अर्थाला एक गुण असा आहे की तो वाचण्याचा अधिकार कोणा एका अधिकाऱ्याकडे नसतो.

ती मोकळीक फार टिकणार नव्हती. कोशार्थ जमिनीवर उतरविण्यासाठी राज्यांनी निकष केले. गोव्यात खाजगी वनासाठी ७५ टक्के वनवृक्ष, ०.४ इतकी छत्रघनता, आणि सलग शासकीय वन नसल्यास किमान ५ हेक्टर क्षेत्र, असे मान ठरले. भारतीय वन सर्वेक्षण संस्था मात्र एक हेक्टरहून अधिक क्षेत्र व १० टक्क्यांहून अधिक छत्र एवढ्यावरच ‘वनाच्छादन’ मोजते. तिच्या मोजणीत कोकणातील आंब्याकाजूच्या बागाही येऊ शकतात. महाराष्ट्राच्या १९७५ च्या खाजगी वने (संपादन) अधिनियमाने तर उभी व तोडलेली झाडेच काय, झाडांची खोडके उरलेली जमीनही वनात धरली. हा कायदा टीकेस पात्र ठरला आहे, तरी भाषेच्या दृष्टीने त्यात एक मर्मदृष्टी आहे : झाडे तोडून शब्दाचा अर्थ बदलता येऊ नये, हे त्याने ओळखले होते. गोव्याचा ५ हेक्टरचा निकष तेवढाच लावला तर सह्याद्रीतील कितीतरी देवराया त्याखाली येणार नाहीत. त्या राखल्या गेल्या त्या वेगळ्याच शब्दाच्या बळावर, आणि त्या शब्दातील ‘देव’ हे पद अलंकार म्हणून आलेले नाही.

२०२३ च्या दुरुस्तीने १९८० च्या अधिनियमाचे इंग्रजी पाठातील नावही ‘वन (संरक्षण एवं संवर्धन) अधिनियम’ असे केले; आतील कलमांत इंग्रजी शब्द राहिलाच. नावापेक्षा महत्त्वाचे म्हणजे अधिनियम कोणत्या जमिनीस लागू हे तिने नेमून दिले : वन म्हणून घोषित झालेली, किंवा २५ ऑक्टोबर १९८० रोजी वा त्यानंतर शासकीय दप्तरात वन म्हणून नोंदलेली. कोश मागे पडून दप्तर पुढे आले. ह्यास आव्हान मिळाले असता फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १९९६ चा अर्थ तूर्त पाळण्याचा अंतरिम आदेश दिला. व्याख्या नसताना जो शब्द सत्तावीस वर्षे टिकला, तो व्याख्या मिळताच न्यायालयाच्या दारी आला.

आणि हे सारे झाडांपुरते. सोलापूरजवळ नान्नज येथे माळढोक पक्ष्यासाठी राखलेली जागा आहे. ती बव्हंशी गवताची, पण तिलाही आपण ‘अभयारण्य’च म्हणतो. तिच्या बाहेरील तसल्याच गवताला गावकरी माळरान म्हणतात, सामाईक चराईचे असेल तर गायरान. दोन्ही शब्दांत ‘रान’ आहे, म्हणजे व्युत्पत्तीने अरण्य आहे. दप्तरात मात्र त्यातील पुष्कळ जमीन ‘पडीक’ ह्या सदरात आहे, आणि ह्या शब्दाची व्याख्या करण्याची गरज वरील अधिनियमांपैकी एकालाही भासलेली नाही.